कुलूपकाकांची पोच

कुलूपकाका जिन्यात दिसले की आमच्या कंपनीतली निम्मी माणसं फोन कानाला लावायची. पलीकडे कुणी नसलं तरी. काका थांबायचे. समोरच्याचं खोटं बोलणं संपेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहायचे आणि मग तेच एक वाक्य, "तुमची पोच राहिलीय."

हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते मला माहीत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा ते आधीच कुलूपकाका होते. पाठीमागे सगळेच म्हणायचे आणि तोंडावर नुसतं काका. त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं आतून आवडतही होतं.

आमची कंपनी गोदामं थंड ठेवणारी यंत्रं बनवते. आमच्या विभागाचा त्या यंत्रांशी काही संबंध नाही. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला एक लांबट खोली, खिडकीतून वाहनतळाची भिंत दिसते, तिथे बसून आम्ही कंपनीचे मेल सांभाळतो. तुम्ही एखादा मेल पुसता आणि हलकं वाटून घेता. पण त्याची एक प्रत आमच्याकडे आर्काइव्हमध्ये पडलेली असते. नियमात ठरलेली वर्षं भरली की ती आपोआप पुसली जाते. मात्र तेवढ्यात कुठे वाद उभा राहिला, कुणी कोर्टाची भाषा केली, तर पुसणं थांबवावं लागतं. त्याला आम्ही होल्ड म्हणतो.

होल्ड लागला की संबंधित माणसांना नोटीस जाते. काहीही पुसू नका. त्या विषयावर आपसात एक अक्षर लिहू नका. कुणी विचारलं तरी उत्तर देऊ नका, आमच्याकडे पाठवा. नोटिशीखाली एक बटण असतं, त्यावर लिहिलेलं असतं 'मिळालं, वाचलं, समजलं'. ते दाबलं की पोच. माणसं दाबत नाहीत. आळसानं म्हणा, भीतीनं म्हणा. मग काका मजल्यामजल्यावर फिरायचे आणि एकेकाचा पिच्छा पुरवायचे. एका मोठ्या साहेबाच्या दालनाबाहेर ते अख्खी दुपार बसून राहिले होते. साहेब जेवायला म्हणून बाहेर आला आणि उभ्याउभ्या बटण दाबून गेला.

"एवढा कसला हट्ट काका?" मी विचारलं होतं.

"पोच नसली ना, तर आपण सांगितलं आणि नाही सांगितलं, दोन्ही सारखंच," ते म्हणाले.

त्यांच्या हाताखाली मी सगळं शिकले. कोर्टाने कागद मागितले की कुठे शोधायचं, एकाच मेलच्या ढीगभर प्रतींतून एक कशी ठेवायची, छाननी कशी करायची. छाननी म्हणजे माणसाचा सगळा मेलबॉक्स वाचून खासगी ते बाजूला काढायचं आणि कामाचं ते वकिलांकडे द्यायचं. त्यात तुम्हाला कुणाचा घटस्फोट दिसतो, कुणाची दुसरी नोकरी शोधण्याची धडपड दिसते. ते सगळं पोटात ठेवायचं. छाननीतलं बाहेर न्यायचं नाही. हे काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पुढेही अधूनमधून सांगत राहिले, माझ्या तोंडाचा त्यांना भरवसा नसावा.

आणि हा माणूस स्वतः काही म्हणजे काही लिहायचा नाही. दोन टेबलं पलीकडे मेल करायचा असेल तरी उठून जायचे. कुणी नोकरी सोडून जाताना सगळे कार्डावर चार गोड ओळी खरडायचे. काका सही करायचे आणि खाली तारीख घालायचे. "अहो, शुभेच्छा तरी लिहा," असं मी म्हटलं की म्हणायचे, "तोंडाने देतो ना. लिहिलेलं राहतं."

घरचं म्हणाल तर ते एकटे. लग्न केलं नाही. एकदा कॉफी पिताना मी सहज विचारलं, कुणीच नाही का हो तुम्हाला? म्हणाले, "धाकटी बहीण आहे. बोलणं नाही." आणि मग खिडकीतून वाहनतळाची भिंत बघत बसले. मी आगाऊ आहे, पण तेव्हा पुढे विचारलं नाही.

ते निवृत्त झाले त्या दिवशी स्वतःचा मेलबॉक्स त्यांनी स्वतःच बंद केला. दुसऱ्या कुणाचा केला असता तसाच, एकेक पायरी तपासत. बंद मेलबॉक्सवर कुणी लिहिलं तर आपोआप एक उत्तर जातं. त्याचा मजकूरही फार पूर्वी काकांनीच ठरवला होता. 'आपला संदेश मिळाला. हा पत्ता बंद झाला आहे. आपल्याला उत्तर मिळणार नाही.' आमच्या कायदा विभागाच्या प्रमुख वकीलबाई, त्यांना त्यात 'आभारी आहोत' घालायचं होतं. काकांनी ते खोडलं. आभार मानणारा माणूसच तिथे नसणार, मग मानायचे कुणी, असं त्यांचं म्हणणं. बंद पत्त्यावर आलेला मेल तरीही आर्काइव्हमध्ये जाऊन पडतो. तो कुणी वाचत नाही.

पुढे बऱ्याच महिन्यांनी एका औषधाच्या गोदामातली आमची यंत्रं बंद पडली आणि ते लोक कोर्टात गेले. होल्ड लागला. जुन्या तक्रारींचे कागद काकांनी तयार केले होते, म्हणून त्यांचाही मेलबॉक्स छाननीत आला आणि माझ्या वाट्याला पडला. खरं तर मी तो दुसऱ्या कुणाला द्यायला हवा होता. पण दुसरं होतं कोण?

मेलबॉक्स काकांच्या कपाटासारखाच नीटनेटका होता. कामाचं काम, बाकी काही नाही. आणि सगळ्यात खाली एक फोल्डर, 'होल्ड – धाकटी'. खासगी आहे हे नावावरून कळत होतं. पण नावावरून बाजूला काढता येत नाही, उघडून बघावं लागतं. मी उघडलं.

पहिला मेल त्यांच्या आईच्या मृत्यूनंतरचा होता. शेवटची काही वर्षं आई धाकटीकडे होती. तिने लिहिलं होतं, "दादा, आई गेली तेव्हा तू नव्हतास, ते एक वेळ समजून घेईन. पण त्याआधी कुठे होतास? दार वाजलं की ती तुझं नाव घ्यायची. मी किती वेळा खोटं सांगू, की येतोय म्हणून? आईच्या घराचं काय करायचं ते आता वकिलामार्फतच बघू."

वकील हा शब्द वाचला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. फोल्डर कधी तयार झाला ते बघितलं. त्याच दिवशी. या माणसाने बहिणीवर होल्ड लावला होता.

दुसऱ्याच दिवशी तिचा दुसरा मेल होता. "काल रागात लिहिलं. वकील वगैरे काही नाही. तू फक्त लिही, का आला नाहीस. कारण काहीही असलं तरी चालेल." तोही त्याच फोल्डरमध्ये, नीट खूण करून ठेवलेला. मग तिसरा. मग पुढचे. राग निवत गेलेला दिसत होता. "आईचं घर आवरलं. तुझा शाळेतला स्वेटर निघाला. तिने तो उसवून लोकर गुंडाळून ठेवली होती. पाठवू का?" "तुझं डोकं अजून दुखतं का? मला चष्मा लागला." "मुलीचं लग्न ठरलं. तुझी खुर्ची मोकळी ठेवणार आहे." आणि लग्नानंतर, "ठेवली होती." एवढंच.

मग एक मेल असा होता. "दादा, तुला हे मिळतं की नाही? 'मिळालं' एवढा एक शब्द लिही. बाकी काही नको."

मी उठून खिडकीपाशी गेले. अख्ख्या कंपनीकडून पोच वसूल करत फिरणारा हा माणूस! मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. कारण मेल उघडल्याची नोंद आमच्याकडे असते. काकांनी प्रत्येक मेल उघडला होता. परत परत उघडला होता. उत्तर एकालाही नव्हतं.

शेवटचा मेल फोल्डरमध्ये नव्हता. तो मेलबॉक्स बंद झाल्यावर आलेला, कुणीच न वाचलेला. "दादा, मी इथलं घर सोडतेय. मुलीकडे कायमची राहायला जातेय, फार लांब. उन्हाळा संपायच्या आत निघेन. त्याआधी एकदा ये. मी भांडणार नाही. दोन दिवस राहा, नाहीतर दुपारपुरता ये." खाली फोन नंबर. आणि त्याच्या खाली आपोआप गेलेल्या उत्तराची नोंद. इतकी वर्षं तिने जो एक शब्द मागितला, तो तिला शेवटी मिळाला होता. आपला संदेश मिळाला. त्याच्यापुढची दोन वाक्यंही मिळाली होती.

उन्हाळा संपत आला होता. मी नंबर तळहातावर लिहून घेतला आणि कामाच्या वेळात, कुणाला न सांगता, काकांच्या घरी निघाले.

दोन खोल्यांचं घर, वरचा मजला. काकांनी साखळी न काढता दार उघडलं, मला बघून मग काढली. बाहेरच्या खोलीत टेबल, त्यावर नवाकोरा कॉम्प्युटर. निवृत्तीनंतर घेतला म्हणाले, बातम्या वाचायला. मी बसलेही नाही.

"काका, धाकटीचा मेल आलाय. तुम्ही गेल्यावर आला."

त्यांनी काय लिहिलंय ते विचारलं नाही. "तू कुठे बघितलास?"

"छाननीत."

"मग इथे कशी आलीस?" त्यांचा आवाज चढला. "छाननीतलं बाहेर न्यायचं नसतं. एवढं शिकवलं ते वाया गेलं म्हणायचं."

"वाया नाही गेलं. तुम्ही काय काय शिकवता ते आज चांगलंच कळलं," मी म्हणाले. माझाही तोल गेला होता. "उत्तर का नाही दिलंत तिला?"

"तिने वकील म्हटलं होतं."

"दुसऱ्या दिवशी नाही म्हणाली ती."

"म्हणाली. पण होल्ड असा एका मेलने उठत नाही."

"तुम्हीच लावलात काका. तुम्हीच उठवायचा ना?"

"लावणाऱ्याने उठवायचा नसतो," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. हे ते थट्टेने म्हणत नव्हते. मग म्हणाले, "मी एकही पुसला नाही. तिने उद्या विचारलं असतं, तर सगळे क्रमाने दाखवता आले असते."

"तिचेच मेल तिला दाखवून काय मिळणार होतं?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, परत घातला. मग भिंतीकडे बघत बोलू लागले. "आई गेली तेव्हा कोर्टाची मुदत होती. मी मेल शोधत होतो. दुसऱ्यांचे. हे तिला काय लिहू? म्हटलं चार दिवस जाऊ देत, नीट विचार करून लिहू. मग चाराचे किती झाले कोण जाणे. मग त्या दिवसांबद्दल काय लिहावं तेच कळेना. आणि मेल येत होते. मी जपत होतो. मला वाटायचं, आपण काहीतरी करतोय."

मी तळहात पुढे केला आणि शेवटच्या मेलमधलं सगळं सांगितलं. स्वेटरसारखा उसवत गेला माणूस. नंबर त्यांनी स्वतः फिरवला. फोन बंद होता. परत फिरवला, परत बंद. ती गेली होती.

"मेलचा पत्ता तोच असेल," मी म्हणाले. "लिहा."

त्यांना तो मेल लिहायला अख्खी दुपार लागली. मी आत ओट्यापाशी स्टुलावर बसून होते. दोन बोटांनी कळा दाबल्याचा आवाज यायचा, मग पुसल्याचा. पुसण्याचाच जास्त. बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली. पडद्यावर होतं, "धाकटे, मिळालं. तुझे सगळे मेल मिळाले. सगळे वाचले. दादा."

"पुढे काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"मला माफ कर, असं लिहा."

"लिहिलं की राहील ते."

"राहू दे की."

त्यांनी ते लिहिलं. स्वतःच्या नावाच्या वर, वेगळ्या ओळीवर. आणि पाठवून दिलं. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "वकीलबाईंना कळलं तर माझं नाव सांग. मी बोलावलं होतं म्हणावं." त्यांच्या आयुष्यातलं हे बहुधा पहिलं खोटं असावं, आणि तेही माझ्यासाठी.

काही दिवसांनी त्यांचा ऑफिसात फोन आला. "पोच आली," ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता इतका हलका झाला होता. मी संध्याकाळी घरी जाताना त्यांच्याकडे गेले. कॉम्प्युटर चालूच होता. त्यांनी खुर्ची मला दिली आणि स्वतः मागे उभे राहिले.

"मिळालं."

वर दादा नाही, खाली नाव नाही. तेवढा एकच शब्द.

"वाचलं असेल ना तिने?" काकांनी विचारलं.

"हो. मिळालं म्हणजे वाचलंच."

"आता सवडीने लिहील. नवीन घर लावत असेल."

"लिहील की," मी म्हणाले. मला तो शब्द बघताक्षणी कळलं होतं, की ही बाई पुन्हा लिहिणार नाही. तिने उत्तर दिलं नव्हतं, पोच दिली होती. आणि पोचेचा अर्थ काय ते आमच्या धंद्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. काकांनाही तो कळत असणार. पण त्यांनी मेल आल्याची घंटी मोठी करून घेतली आणि मी ती कशी करायची ते दाखवलं.

त्यानंतर ते लिहू लागले. ज्या माणसाने कार्डावर कधी शुभेच्छा लिहिल्या नाहीत, तो आठवड्याला एक मेल लिहू लागला. डोकं दुखायचं थांबलंय, डोळ्याचं ऑपरेशन सांगितलंय, ती लोकर अजून आहे का. मला वाचून दाखवायचे, शब्द बरोबर आहेत ना विचारायचे. उत्तर येत नव्हतं. एकदा त्यांनी लिहिलं, "मिळतं का, एवढंच कळव." ते वाचून दाखवताना ते मधेच थांबले. मग त्यांनी ते तसंच पाठवलं.

हिवाळ्यात गोदामवाल्यांशी तडजोड झाली. वकीलबाईंचा हुकूम आला, होल्ड उठवा. होल्ड उठला की नोकरी सोडून गेलेल्यांचे मेलबॉक्स, वर्षं भरलेली असोत वा नसोत, अख्खे पुसले जातात. नियम तोच आहे, आणि तो काकांनीच मला पाठ करून घेतला होता. मी त्यांच्याकडे गेले.

"धाकटीचे सगळे छापून आणते. कुणाला पत्ता लागणार नाही."

"ते कंपनीचे आहेत," ते म्हणाले.

"तुमच्या बहिणीचे आहेत, काका."

मला वाटलं हो म्हणतील. "नको," ते म्हणाले. "तिने एक शब्द मागितला तेव्हा दिला नाही. आता ते घरात ठेवून मी कुणाला काय दाखवणार? जाऊ दे ते. नियमाने जाऊ दे."

"पाठ आहेत का तुम्हाला?"

"आहेत," ते म्हणाले. "तेच तर झालंय ना."

दुसऱ्या दिवशी मी होल्ड उठवला. यंत्र विचारतं, नक्की ना? मी हो म्हटलं. स्वेटर गेला, मोकळी ठेवलेली खुर्ची गेली, दुपारपुरता ये म्हणणारा मेल गेला. कुठे आवाज झाला नाही. बाहेर वाहनतळात कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

संध्याकाळी काकांकडे गेले. झालं का, त्यांनी विचारलं. झालं, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि मला कॉम्प्युटरपाशी नेलं, काहीतरी दाखवायचं होतं. त्यांनी घरच्या मेलमध्ये एक फोल्डर केला होता. नाव होतं 'धाकटी'. होल्ड हा शब्द त्यात नव्हता. मी उघडून बघितला. आत एकच मेल होता, एका शब्दाचा.